परतीची वाट

२०१९च्या दिवाळीत बाबांची येझदी धानाच्या कोठीमागच्या पडवीतून बाहेर काढली. दोन सायलेन्सरपैकी एकात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. आरसी बुकावर जिल्हा भंडारा. गोंदिया वेगळा झाला १ मे १९९९ला, आणि तोवर गाडी उभी राहून दोन-तीन पावसाळे उलटले होते. म्हैसूरच्या ‘आयडियल जावा’नं १९७३मध्ये गाडीला ‘येझदी’ हे नाव दिलं. १९९६मध्ये कारखाना बंद पडला आणि त्याच सुमारास बाबांनीही ती पडवीत लावली. पुढची तीन वर्षं मी या गाडीच्या करंटमागे होतो. प्रत्येक तपासणी वहीत लिहीत गेलो. तीच आज समोर उघडली आहे.

पहिल्या पानावर किक. येझदीत किकची आणि गिअरची दांडी एकच असते. आत दाबून वर फिरवली की किक, सोडली की पुन्हा गिअर. बाबा चपलेनिशी एका हिसक्यात गाडी उठवायचे. माझा पाय नुसताच खाली जायचा. किक सेगमेंटचे दात झिजले होते. तो बदलला आणि तो प्रश्न तिथंच मिटला.

करंटचं तसं नव्हतं. जिथं धान तिथं उंदीर, त्यामुळे वायरींचं तांबं जागोजागी उघडं पडलेलं आणि हेडलाइटच्या आत तुसाचं घरटं. पूर्वी कुणीतरी हाताला लागेल त्या रंगाची वायर जोडून ठेवली होती. म्हणून रंगांवर विश्वास ठेवणं सोडलं. एक बल्ब आणि दोन वायरींचा टेस्ट लॅम्प करून एकेक टोक तपासलं, आणि अख्खं वायरिंग नवं ओढलं.

२०२०च्या टाळेबंदीत डायनॅमो खोलला. सहा व्होल्टचा, डीसी, क्रँकशाफ्टवरच बसणारा. या गाडीत ठिणगी बॅटरीच्या जिवावर पडते; बॅटरी मेली की किक मारून उपयोग नाही. कम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांमधल्या खाचा कार्बनच्या भुकटीनं बुजल्या होत्या. त्या सुईनं कोरून साफ केल्या, कार्बन ब्रश नवे घातले. इतकं मन लावून मी फार थोडी कामं केली आहेत.

मग २०२१मध्ये गाडी सजवली. फ्रेमला पावडर कोटिंग, लखलखीत काळं. आणि तिथून गाडी कधी एका किकला उठे, तर कधी पन्नास किका मारून पाय भरून येई. प्लग काढून हेडवर टेकवला की पिवळट, मरगळलेली ठिणगी. प्लग बदलला, कॉइल बदलली. पॉइंट कोल्हापूरच्या एका येझदीवाल्याकडून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं मागवले आणि फीलर गेजनं ०.४ मिलिमीटरवर लावले. ठिणगी तशीच. दोन महिने वहीत रोज तेच वाक्य आहे.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींना घरी आणलं. त्यांनी काहीच खोललं नाही. जाड वायरीचा तुकडा घेतला, एक टोक बॅटरीच्या अर्थला लावलं, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर दाबून धरलं आणि म्हणाले, “मार किक.” ठिणगी निळी, कडक! “करंट गेला त त्याले वापस याले रस्ता पायजे ना, भाऊ.”

बॅटरीतून स्विच, स्विचमधून कॉइल, कॉइलमधून मिटलेल्या पॉइंटवाटे इंजिन, आणि इंजिनमधून फ्रेमवाटे पुन्हा बॅटरी. परतीची वायर वेगळी नसतेच. गाडीचं लोखंड हीच ती वायर. पावडर कोटिंग म्हणजे जवळजवळ प्लॅस्टिकचा थर, आणि मी तो इंजिन जिथं बसतं त्या जागांवरही चढवून घेतला होता. स्विच चालू आणि पॉइंट मिटलेले असताना इंजिन आणि बॅटरीच्या अर्थमध्ये मीटर लावला: १.४ व्होल्ट. सहापैकी जवळजवळ पाव हिस्सा रंगातच अडकलेला. सहा व्होल्टच्या गाडीला हे फार जाचतं. ४५ वॉटसाठी तिला साडेसात अँपिअर लागतात, बारा व्होल्टला त्याच्या निम्मेच. त्यामुळे सांध्यातला तोच अडथळा इथं दुप्पट व्होल्ट खातो.

कानशीनं रंग खरवडून धातू उघडा केला. इंजिनच्या बोल्टपासून बॅटरीपर्यंत विणलेल्या तांब्याची पट्टी ओढली आणि गंज लागू नये म्हणून दोन्ही टोकांना व्हॅसलिन चोपडलं. तो नवा रंग खरवडताना जिवावर आलं होतं.

२०२२च्या उन्हाळ्यात गाडी गोरेगावच्या रस्त्यावर तापली की बंद पडायची, अर्ध्या तासानं थंड झाली की पुन्हा उठायची. पॉइंट जळून काळे झालेले. दोष कंडेन्सरचा होता; तो बदलला.

त्या ऑक्टोबरात, धान लोंबीला आलेलं असताना, बाबांना मागे बसवून कोहमाऱ्यावरून नवेगावबांधला निघालो. खिळ्यासारखी चावी आत दाबली, लाल दिवा लागला. पहिल्या किकला गाडी उठली. वेग घेतला तसा दिवा विझला, म्हणजे डायनॅमो बॅटरी भरू लागला. बाबा खांद्यावरून वाकून तो दिवाच पाहत होते. कोहमाऱ्याला चहाला थांबलो, तेव्हा त्यांनी माझ्याकडे चावी मागितली.