मुशीत सोनं शुद्ध होत नाही

कोल्हापूरच्या गुजरीत जुना दागिना मोडायला आलेलं गिऱ्हाईक म्हणतं, "मुशीत घाला, खरं-खोटं आपोआप कळेल." कळत नाही. मूस म्हणजे आच सोसणारं भांडं, एवढंच. पूर्वी मातीची असे, आता बहुधा ग्राफाइटची. सोनं १०६४ अंशांना वितळतं, त्यातलं तांबं, चांदी सोबतच रस होतात आणि बावीस कॅरट आत गेलं तर जवळपास बावीसच बाहेर येतं. टाकणखार मळी ओढून घेतो. कस वाढवणं त्याच्या हातात नाही.

कस काढायचं भांडं वेगळं : कुपेल. हाडांच्या राखेची किंवा मॅग्नेशियाची जाड, बसकी वाटी. मुशीने थेंबही पिऊ नये, कुपेलने मात्र प्यावं. सोन्याचा तोललेला नमुना आणि चांदी शिशाच्या पत्र्यात गुंडाळून भट्टीत या वाटीत ठेवतात. शिशाचं मुरदाडशिंग, म्हणजे ऑक्साइड, होतं आणि तांब्यासारखं हीण सोबत घेऊन वाटीत मुरतं. उरतो चकचकीत मणी. पण तोही शुद्ध नव्हे, कारण चांदी त्यातच राहिलेली असते. मणी ठोकून पातळ करायचा, नायट्रिक आम्लात उकळायचा. चांदी विरघळते, सोनं राहतं. गंमत अशी, की चांदी काढण्यासाठीच आधी चांदी घालावी लागते. ती सोन्याच्या दुपटीहून जास्त नसेल तर आम्ल आतवर पोचत नाही. भारतीय मानक १४१८ मधली पद्धत हीच. दुकानातलं एक्स-रे यंत्र झटपट आकडा देतं, पण ते वरचा पातळ थरच पाहतं. जाड मुलामा त्याला सहज फसवतो.

हुपरीसारख्या चांदीच्या गावात दुसराच संशय : वितळवल्यावर वजनात घट आली म्हणजे कारागिराने हात मारला. कधी मारलाही असेल! पण वितळलेली चांदी हवेतला प्राणवायू भरपूर पिते आणि थिजताना तो बाहेर टाकते, तेव्हा चांदीचे शिंतोडे उडतात. म्हणून मुशीवर झाकण, वर कोळशाची पूड.

आणि तडकलेली मूस म्हणजे कचरा? तिच्या भेगांत, चिकटलेल्या मळीत धातूचे कण अडकलेले असतात. सराफकट्ट्यावरचा केर धुणारा झारेकरी ती कुटून, पाखडून, धुऊन घेतो. जाणता सराफ जुन्या मुशी फुकट देत नाही.