सायंकाळचा बाजार आणि गाडीतळाचें शुल्क

परभणी शहरांत गांधी पार्क, गुजरी बाजार, कच्छी बाजार ह्या भागांतून दिवेलागणीच्या सुमारास जो गेला असेल, त्याला बाजारची गर्दी म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. उन्हाळ्यांत येथें पारा ४४ अंशांच्या घरांत जातो. दुपारीं रस्ते ओस पडतात आणि दिवसाची बहुतेक खरेदी सूर्य कलल्यावर तीन-चार तासांत उरकावी लागते. खेड्यावरून मोटारसायकलीनें आलेला शेतकरी, कचेरी सुटल्यावर पिशवी घेऊन निघालेला कारकून, लग्नाचा बस्ता बांधावयास आलेलें कुटुंब, ह्या सर्वांना एकाच वेळीं एकाच ठिकाणीं पोंचावयाचें असतें. माणसें दुकानांत शिरतात. गाड्या बाहेर दुहेरी रांगेनें उभ्या राहतात, आणि मधून चालणाऱ्यास वाट उरते ती बेताचीच.

ह्याच रस्त्याच्या कडेस एखादी भाजीवाली पोतें अंथरून बसलेली असते. तिनें अडविलेली जागा दोन हात लांब व दोन हात रुंद. अशा विक्रेत्यांकडून रोजची तहबाजारी घेण्याची वहिवाट मराठवाड्यांतील बाजारांत जुनी आहे; जागा वापरली कीं तिचें कांहीं द्यावें लागतें, हें त्या बाईस कोणी शिकवावें लागत नाहीं. तिच्या शेजारीं उभी असलेली मोटार सुमारें दहा चौरस मीटर जागा अडविते. तेवढ्या जागेंत अशा दहा-बारा भाजीवाल्या बसतील. पण मोटारीच्या धन्याकडे पावतीपुस्तक घेऊन कोणी गेलें, तर तो चकित होईल आणि बहुधा रागावेलहि. सशुल्क गाडीतळाच्या वादाचें मूळ ह्या विसंगतींत आहे.

गाडी उभी करण्याबद्दल पैसे घ्यावे ही कल्पना आजची नव्हे. अमेरिकेंतील ओक्लाहोमा सिटी ह्या शहरीं बाजारपेठेंतील नोकरमंडळी सकाळीं आपल्या मोटारी रस्त्याच्या कडेस लावीत आणि त्या सायंकाळपर्यंत तेथेंच राहत. गिऱ्हाइकास जागा मिळेना, म्हणून दुकानदार कुरकुरूं लागले. कार्ल मॅगी नांवाच्या एका वृत्तपत्र-संपादकानें त्यावर तोड म्हणून घड्याळासारखें एक यंत्र पुढें आणलें. त्यांत पांच सेंटांचें नाणें टाकावें आणि तासभर गाडी उभी करावी. असें पहिलें यंत्र जुलै १९३५ मध्यें तेथें बसलें. ही तर मोटारीवर आडमार्गानें बसविलेली पट्टी, अशी ओरड झालीच. परंतु गाड्यांची ये-जा वाढली आणि तिच्याबरोबर गिऱ्हाईकहि वाढलें, हें दुकानदारांनीं पाहिलें. १९४० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच त्या देशांत अशीं १,४०,००० हून अधिक यंत्रें उभीं होतीं.

ह्यांतील हिशेब साधा आहे. दुकानासमोरील एका जागेंत पांच वाजतां एक गाडी लागली आणि ती नऊ वाजेपर्यंत हालली नाहीं, तर त्या जागेचा उपयोग एकालाच झाला. प्रत्येकानें अर्ध्या तासांत गाडी काढली, तर त्याच जागेंत आठ गिऱ्हाइकें येऊन जातात. चार तास अडकून पडलेली ती गाडी पुष्कळदां दुकानदाराची स्वतःची किंवा त्याच्या गुमास्त्याची असते, हें मात्र सभांतून फारसें बोललें जात नाहीं.

मग शुल्क दिवसां घ्यावें कीं सायंकाळीं? कचेऱ्यांच्या भागांत गर्दी दिवसां असते, बाजारांत ती सायंकाळीं असते. डोनाल्ड शूप ह्या अमेरिकन प्राध्यापकांनीं २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, सात-आठ जागांपैकीं एखादी नेहमीं रिकामी सांपडावी एवढेंच शुल्क असावें. त्याहून अधिक नको, कमी नको. ह्या मापानें पाहिलें तर ओसाड दुपारीं पैसे मागणें आणि सायंकाळीं सर्व मोकळें सोडणें म्हणजे पुराच्या वेळीं बांध उघडा टाकून उन्हाळ्यांत त्याची राखण करण्यासारखें आहे. कॅलिफोर्नियांतील पॅसाडीना शहराच्या जुन्या पेठेंत १९९३ सालीं शुल्क सुरू झालें, तें सायंकाळीं व रविवारींहि लागू होतें. व्यापाऱ्यांचा विरोध तेथेंहि होता. मिळणारें उत्पन्न त्याच पेठेंतील पदपथ, दिवे, झाडें व स्वच्छता ह्यांवर खर्च होईल, असें वचन नगरपालिकेनें दिलें, तेव्हां तो मावळला.

महाराष्ट्रांत ह्या प्रश्नाची खरी जाहीर चर्चा झाली ती पुण्यांत. मार्च २०१८ मध्यें महानगरपालिकेपुढें रस्त्यावरील वाहनतळाचें धोरण आलें आणि शहरांत एकच गिल्ला झाला. अखेर प्रयोगादाखल पांच प्रमुख रस्त्यांपुरतेंच तें मान्य करण्यांत आलें, आणि त्यानंतरहि अंमलबजावणी वर्षानुवर्षें रेंगाळली. मुंबईनें जुलै २०१९ मध्यें निराळी वाट धरली. सार्वजनिक वाहनतळांच्या आसपास नियमबाह्य उभ्या केलेल्या वाहनांस ५,००० पासून २३,००० रुपयांपर्यंत दंड ठेवला. दंड एवढा अवजड असला म्हणजे तो घेणाराहि कचरतो. त्यापेक्षां रोज घेतलें जाणारें दहा रुपयांचें शुल्क अधिक काम करतें.

पुणेकरांचे आक्षेप परभणीकरांनींहि ध्यानांत घेण्याजोगे आहेत. "आम्ही रस्त्याचा कर एकदां भरला आहे," हा पहिला. तो दिसतो तितका बळकट नाहीं. मोटार-वाहन कर राज्य सरकार घेतें. बाजारांतील रस्ता झाडणें, त्याचे दिवे लावणें हा खर्च महानगरपालिकेचा. शिवाय तो कर वाहन चालविण्याचा, रस्त्याची जागा अडवून ठेवण्याचा नव्हे. दुसरा आक्षेप असा कीं, चांगली बस नसतां वाहन आणूं नका म्हणणें अन्यायाचें आहे. ह्याला मात्र सहज उत्तर नाहीं. खेड्यावरून येणाऱ्यास रात्रीं परतीचें साधन मिळेलच असें नसतें. मोटारसायकल ही त्याची चैन नव्हे. म्हणून दुचाकीस नाममात्र शुल्क, तेंहि पहिला अर्धा तास वगळून, आणि मोटारीस भरपूर, असा भेद ठेवणें न्याय्य ठरेल. एका मोटारीच्या जागेंत चार-पांच दुचाकी सुखानें मावतात.

तिसरी अडचण पेठेंतच राहणाऱ्यांची. दुकानावरील माडींत बिऱ्हाड, खालीं अंगण नाहीं; गाडी ठेवावयाची कोठें? बाजार मिटल्यावर शुल्कहि मिटावें, हाच त्यावर उपाय. रात्रभराचें भाडें घेऊं लागल्यास तो बाजाराचा बंदोबस्त न राहतां केवळ वसुली होईल. आणि शुल्कामुळें गिऱ्हाईक वसमत रस्त्याकडील किंवा जिंतूर रस्त्याकडील दुकानांकडे वळेल ही व्यापाऱ्यांची भीति? कांहीं वळेलहि. परंतु जागा न मिळाल्यामुळें आजहि कितीजण माघारीं फिरतात, ह्याची नोंद कोणत्याच दुकानाच्या वहींत होत नाहीं.

कायद्याची आडकाठी नाहीं. मोटार-वाहन कायदा, १९८८ ह्याच्या ११७ व्या कलमानें वाहनें उभीं करण्याच्या जागा ठरवितां येतात. २००६ सालच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेंहि, गाडीतळाचें शुल्क तेथील जमिनीच्या मोलाशीं जुळतें असावें, असें म्हटलें आहे. परभणीस १ नोव्हेंबर २०११ पासून महानगरपालिका आहे. अवघड भाग निराळाच आहे: ठेका कोणास मिळेल, पाटीवरील दराहून अधिक पैसे उकळले गेले तर दाद कोठें मागावी, आणि गोळा झालेला पैसा जातो कोठें? लोकांचा राग पुष्कळदां शुल्कावर नसून ह्या अंधारावर असतो.

म्हणून आरंभ एकाच रस्त्यापासून करावा. पांढरे पट्टे आंखावे, भाजीवाल्यांची जागा प्रथम सोडावी, पांच ते नऊ ह्या वेळेची पाटी लावावी. जमा होणाऱ्या रकमेंतून पहिल्या वर्षीं त्याच बाजारांत स्त्रियांसाठीं एक स्वच्छ शौचालय बांधावें. दिवसभर पोत्यावर बसणाऱ्या बाईला आणि खेड्यावरून खरेदीस आलेल्या लेकीसुनांना त्याची गरज पदपथाहूनहि आधींची आहे. मागील महिन्यांत किती जमलें आणि कशावर खर्चलें, हे दोन आंकडे प्रत्येक पावतीच्या पाठीवर छापावयास फारशी शाई लागणार नाहीं.