पगचे टपोरे डोळे लहान का करतात?

हचच्या जाहिरातीनंतर पग आपल्याकडे भलताच लाडका झाला. पण त्याचे टपोरे डोळे ही खरंतर कवटीची अडचण आहे. चेहरा चपटा, त्यामुळे डोळ्याची खोबण उथळ. डोळा पुढे आलेला आणि पापण्यांमधली फट गरजेपेक्षा मोठी. काही पग अर्धवट उघड्या डोळ्यांनीच झोपतात (मालकांना ते गोड वाटतं!). त्यात नाकाकडची पापणी आत वळते आणि केस दिवसभर कॉर्नियावर घासत राहतात. मग तिथे जखम होते, म्हणजे अल्सर, नाहीतर काळा थर हळूहळू पसरत जातो.

लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या २०१५ च्या अभ्यासात चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत अल्सरची शक्यता २० पट दिसली. फट तुलनेनं १० टक्के रुंद असली, तर धोका तिपटीहून जास्त!

मग फटच लहान केली तर? मीडियल कॅन्थोप्लास्टीत नेमकं तेच करतात. नाकाकडच्या कोपऱ्यात दोन्ही पापण्यांची कड थोडी कापून त्या एकमेकींना शिवतात. घासणारे केस जातात, वळलेली पापणी सरळ होते, डोळा मिटणं सोपं जातं. कौशल्य लागतं ते अश्रू नाकात नेणाऱ्या बारीक नळ्या वाचवायला, कारण त्या तिथूनच जातात.

आधीच पसरलेला काळा थर मात्र यानं पुसला जात नाही, त्याची वाढ मंदावते. म्हणून माझ्या मते थांबण्यात अर्थ नाही. शिवाय या कुत्र्यांच्या कॉर्नियाला संवेदनाही कमी असते; पग डोळा किलकिला करायला लागेपर्यंत जखम बरीच खोल गेलेली असू शकते.