जुन्या रथाचा जीर्णोद्धार

गेल्या उन्हाळ्यांत चिरंजिवांच्या आग्रहास्तव आम्ही उभयतां चार महिने अमेरिकेंत राहून आलों. मुक्काम मिशिगन राज्यांतील डेट्रॉइट शहराच्या एका उपनगरांत होता. परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, “नायगारा पाहिला कीं नाहीं?” पाहिला, धबधबा मोठा आहे. परंतु सकाळचा चहा झाल्याबरोबर माझे पाय रोज ज्या ठिकाणीं वळत, तें ठिकाण म्हणजे शेजारच्या गृहस्थांचें गॅरेज. तेथें लोखंडी घोड्यांवर एक जुनी मोटार उचलून ठेवलेली होती. तिला एंजिन नव्हतें, चाकें नव्हतीं, आणि तिच्यापायीं आजोबा व नातू यांच्यांत तीन आठवडे अबोला चालला होता.

आजोबा पंचाहत्तरीच्या घरांतले. सारा जन्म मोटारींच्या कारखान्यांत गेलेला; बोलणें थोडें, आणि कपाळावर एक जुना व्रण. मी शाळामास्तर होतों हें कळल्यापासून ते मला ‘टीचर’ म्हणूनच हांक मारीत. मोटार त्यांच्या थोरल्या भावाची. शेव्हरोले कंपनीची ‘शेव्हेल सुपर स्पोर्ट ३९६’ ही गाडी भावानें १९६६ सालीं नवी कोरी घेतली होती. भाऊ वारले, मागें कोणी नव्हतें, म्हणून ती यांच्याकडे आली.

असल्या गाडीस तिकडे ‘मसल कार’ म्हणतात. मसल म्हणजे स्नायु. आपण तिला बलदंड गाडी म्हणूं. कल्पना अगदीं साधी: गाडी मध्यम आकाराची, बेताच्या किमतीची, एंजिन मात्र थोरल्या गाडीचें. ही परंपरा बहुधा १९६४ सालच्या पाँटिअॅक जीटीओपासून धरतात. तिचा जन्म मोठा मौजेचा आहे. मध्यम गाडींत ३३० घन इंचांहून मोठें एंजिन बसवावयाचें नाहीं, असा जनरल मोटर्सचा स्वतःचाच नियम होता. जॉन डीलोरिअन व त्यांचे सहकारी यांनीं नवी गाडी म्हणून नव्हे, तर ‘टेंपेस्ट’ या चालू गाडीवर ऐच्छिक सामान म्हणून ३८९ घन इंचांचें एंजिन देऊं केलें. नियम गाडीस लागू. ऐच्छिक सामानास लागू नाहीं! आमच्या धर्मशास्त्रांतील निबंधकारांनींहि मान डोलवावी अशी ही पळवाट. मग इतर कंपन्याहि धांवल्या. सहासात वर्षें हा खेळ रंगला. पुढें विमेवाल्यांनीं हप्ते चढविले, १९७० सालीं हवा शुद्ध राखण्याचा कायदा झाला, १९७३ च्या ऑक्टोबरांत अरब देशांनीं तेल अडविलें, आणि बलदंडांचा आखाडा उठला.

आमच्या शेव्हेलची शक्ति कागदोपत्रीं ३२५ अश्वशक्ति होती. या आकड्याबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळीं एंजिन गाडीबाहेर ठेवून, त्याच्यावरील बहुतेक ओझीं काढून मोजणी करीत. १९७२ पासून पंखा, धुराचा नळ वगैरे सगळा संसार जोडून मोजूं लागले, आणि कागदावरचे आकडे एकदम खालीं आले. घरीं पुस्तक उघडून उत्तरें लिहिणाऱ्या मुलाचे गुण आणि परीक्षेंतले गुण यांत जो भेद, तोच हा.

आतां भांडण काय होतें तें सांगतों. जुन्या गाड्यांच्या दुरुस्तींत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, कारखान्यांतून निघाली तशीच ती पुन्हां करावी. रंग, गादी, फार काय, पट्ट्यावरचीं अक्षरेंसुद्धां तींच. दुसरा म्हणतो, रूप जुनें ठेवावें आणि पोटांत सारें आजचें घालावें. या दुसऱ्यास ‘रेस्टोमॉड’ असें जोडनांव आहे. आजोबा पहिल्या पंथाचे. नातू एंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षांत. तो दुसऱ्या पंथाचा, आणि त्यांतहि जहाल. त्याला सातशें अश्वशक्तींचें एंजिन हवें होतें. असलीं एंजिनें तिकडे खोक्यांत बंद करून तयार मिळतात. आजोबा म्हणत, “ही माझ्या भावाची गाडी आहे.” नातू म्हणे, “मग ती अशीच गंजूं द्यावयाची काय?”

खरें सांगावयाचें तर प्रथम मी आजोबांच्या बाजूचा होतों. जुन्या पोथींत आपल्या पदरचे श्लोक घालणारे लोक मला आवडत नाहींत. परंतु आमचे चिरंजीव ब्रेकच्या खात्यांत एंजिनिअर आहेत. दोन्ही पक्षांनीं त्यांना पंच नेमलें. त्यांनीं गाडीखालीं आडवें पडून तासभर पाहिलें, आणि उठून एंजिनाबद्दल चकार शब्द न काढतां विचारलें, “ही थांबत कशी होती?”

घरीं आल्यावर मीं विचारलें, “अरे, वाद एंजिनाचा, तूं ब्रेकचें काय काढलेंस?”

“अण्णा, तुम्ही आम्हांला गणितांत शिकविलें तेंच,” तो म्हणाला. “वेग दुप्पट झाला कीं गाडींतली ऊर्जा चौपट होते. ती जाणार कोठें?”

मीं कागद घेऊन हिशेब केला. गाडीचें वजन सुमारें सतराशें किलो. ताशीं शंभर किलोमीटर वेगाची ही गाडी थांबवावयाची, तर ब्रेकमध्यें जी उष्णता उत्पन्न होते तिच्यांत सुमारें दोन लिटर गार पाणी उकळेल. वेग दोनशें झाला तर आठ लिटर. आठ लिटरांचें पातेलें चुलीवर उकळावयास किती वेळ लागतो हें गृहिणींस सांगावयास नको; येथें तें काम कांहीं क्षणांत व्हावयाचें असतें.

आणि व्हावयाचें कशांत? शेव्हेलच्या चारही चाकांना ढोलासारखे बंद ड्रम होते. आंत दोन अर्धवर्तुळाकार शू असतात; पाय दाबला कीं ते बाहेर फांकून ड्रमला आंतून घासतात. एकदां थांबण्यास हें पुरेसें आहे. पण लागोपाठ चारपांच वेळां जोरानें दाबावें तर झांकलेल्या भांड्याप्रमाणें उष्णता आंतच कोंडते, ड्रम तापून फुगतो व शूपासून दूर सरतो, पट्ट्यांची पकड ढिली होते आणि पाय खालीं खालीं जाऊं लागतो. डिस्क ब्रेकमध्यें उलट. उघड्या वाऱ्यांत फिरणारी तबकडी दोन्ही बाजूंनीं चिमट्यांत धरल्यासारखी धरली जाते, आणि लवकर निवते.

दुसरें वैगुण्य अधिक भयंकर. त्या काळच्या बहुतेक गाड्यांप्रमाणें हिच्यांतहि चारही चाकांच्या ब्रेकचें तेल एकाच कोठींतून जात असे. एका नळीस छिद्र पडलें कीं चारही चाकें मोकळीं. पुढचीं दोन व मागचीं दोन यांची कोठी वेगळी असावी ही व्यवस्था पुढें १९६८ पासून तेथील सरकारनें सक्तीची केली. राल्फ नेडर यांचें मोटारींच्या धोक्यांवरील पुस्तक १९६५ सालीं निघालें, पुढच्याच वर्षीं सुरक्षिततेचा कायदा झाला. त्या चळवळीचें हें फळ.

चिरंजिवांनीं हें सर्व शेजाऱ्यांच्या गॅरेजांत समजावून सांगितलें तेव्हां मी तेथेंच होतों. आजोबा खालीं मान घालून ऐकत होते. मग कपाळावरच्या व्रणाला बोट लावून म्हणाले, “टीचर, हें त्या छिद्राचें आहे.”

डेट्रॉइट शहराच्या पोटांत सुमारें बाराशें फूट खोल मिठाची खाण आहे. हिंवाळ्यांत बर्फ वितळावें म्हणून रस्त्यांवर मीठ पसरतात, आणि तें मीठ गाड्यांचें लोखंड खातें. थोरल्या भावाची ब्रेकची नळी अशीच कुजली होती. ‘पुढच्या महिन्यांत बदलूं’ असें म्हणतां म्हणतां १९७१ चा वसंत आला. वुडवर्ड नांवाचा तेथला राजरस्ता. सिग्नलपासून सिग्नलपर्यंत तरुणांच्या शर्यती चालत. तांबडा दिवा लागला, भावानें पाय दाबला, आणि पाय थेट तळाला गेला. पुढें ट्रक उभा होता. कमरेस पट्टा होता, पण खांद्यावरचा पट्टा त्या गाडींत नव्हताच. शेजारीं बसलेल्या धाकट्या भावाचें डोकें समोर आदळलें. थोरल्यानें गाडी दुरुस्त करून घेतली, आणखी कांहीं वर्षें चालविली, आणि एके दिवशीं कोठींत लोटून दार लावलें. धाकट्याला मात्र तिच्या सुकाणूवर त्यानें जन्मांत बसूं दिलें नाहीं.

नातवानें ही हकीकत कधीं ऐकलेली नव्हती. सातशें अश्वशक्तींचा विषय त्या दिवसानंतर निघाला नाहीं.

मग काम ज्या क्रमानें झालें तो सांगतों. शेव्हेलचें कवच एका स्वतंत्र चौकटीवर बोल्टांनीं बसविलेलें असतें. तें उचलून बाजूस ठेवलें. चौकट खरडली, सांधली, जेथें लवत होती तेथें लोखंड घालून ताठ केली. नंतर चारही चाकांना डिस्क, दोन कोठ्यांचा मास्टर सिलिंडर आणि गंज न चढणाऱ्या नव्या नळ्या. मग नवें स्टिअरिंग. जुन्यांत चाक थोडें फिरविलें तरी गाडीस पत्ताच लागत नसे. मग खांद्यावरून येणारे पट्टे. एंजिन सर्वांत शेवटीं.

तें घेतलें ४३० अश्वशक्तींचें, ६.२ लिटरांचें, त्याच कंपनीचें. आजोबांनीं संमति दिली ती त्याच्या शक्तीस नव्हे, वजनास. जुनें एंजिन सबंध बिडाचें. हें अॅल्युमिनियमचें, त्याहून बरेंच हलकें. नाकावरचें ओझें कमी झालें कीं वळणेंहि सोपें आणि थांबणेंहि सोपें. कार्ब्युरेटर जाऊन त्या जागीं पेट्रोलचे फवारे आले. धुरांत प्राणवायु किती उरला तें मोजून एक लहानसा संगणक पेट्रोलचा मापटा कमीजास्त करतो. दोनच गिअरांची जुनी पेटी जाऊन सहांची आली. जुन्या एंजिनास तेल पाजून, कापडांत गुंडाळून कोपऱ्यांत एका तिकाटण्यावर बसविलें आहे.

एके दिवशीं मीं नातवाला विचारलें, “चौकट सांधली, एंजिन बदललें, तळाचा पत्रा नवा, मग आजोबांच्या भावाची गाडी ती कोणती?” ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथांत नागसेन भिक्षु मिलिंद राजाला हाच प्रश्न त्याच्या रथाविषयीं विचारतो: चाक म्हणजे रथ काय, आंस म्हणजे रथ काय, जूं म्हणजे रथ काय? मुलगा हंसला व त्यानें दाराच्या खांबावरील पत्र्याची पट्टी दाखविली. तिच्यावर गाडीचा क्रमांक. आरंभींचे आकडे १३८, म्हणजे अस्सल सुपर स्पोर्ट. साध्या गाडीवर पदकें चिकटवून ती सुपर स्पोर्ट म्हणून विकणारे महाभाग तेथेंहि आहेत. ती पट्टी काढणें हा गुन्हा आहे. कायद्याच्या मतें रथ म्हणजे ती बोटभर पट्टी! नागसेनाला हें उत्तर पटलें नसतें. मलाहि पटलें नाहीं. पण आजोबांनीं मागच्या बैठकीची फाटकी गादी बदलूं दिली नाहीं, हें मीं पाहिलें होतें.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारीं वुडवर्ड रस्त्यावर जुन्या मोटारींची जत्रा भरते. १९९५ सालीं मुलांच्या एका क्रीडांगणासाठीं पैसे जमविण्याकरितां ती सुरू झाली. आतां हजारों गाड्या येतात. आदल्या आठवड्यांत चिरंजिवांनीं मोकळ्या पटांगणांत शेव्हेल पुनःपुन्हां दौडवून थांबविली. तें पाहिल्यावरच सूनबाईंनीं मला तींत बसण्याची परवानगी दिली. घरच्या नातवास मात्र नाहीं. आमच्या कुटुंबानें गाडीला हळदकुंकू लावलें, तें आजोबांनीं पुसलें नाहीं.

सुकाणूवर आजोबा, शेजारीं नातू, मागें त्या फाटक्या गादीवर मी. एका सिग्नलापाशीं दिवा पिंवळा झाला. निघून जाण्याइतकी जागा होती. आजोबांनीं दोन्ही हात घट्ट केले आणि पाय दाबला. गाडी पांढऱ्या रेघेच्या हातभर अलीकडे उभी राहिली. माझा चष्मासुद्धां नाकावरून हालला नाहीं. नातवानें त्यांच्याकडे पाहिलें, पण तो कांहीं बोलला नाहीं. दिवा हिरवा झाला तरी आजोबा पाय काढीनात. मागच्या गाड्यांनीं भोंगे वाजवावयास सुरुवात केली, तेव्हां कोठें त्यांनीं पहिला गिअर टाकला.