सक्तीची रजा आणि मागितलेली रजा

सरकारी बँकांमध्ये एक विलक्षण रजा असते. संवेदनशील जागेवरील कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, पूर्वसूचना न देता, किमान १० कामाचे दिवस सलग कामापासून दूर ठेवावे, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ साली बजावले. हेतू विश्रांतीचा नव्हे. माणूस जागेवर नसताना त्याने काही दडविले असल्यास ते उघडकीस यावे, हा त्यामागील हिशेब. तपासणीच्या दृष्टीने तो योग्यच आहे. परंतु बँक ज्या रजेचा स्वतःहून आग्रह धरते ती संशयापोटी दिलेली असावी आणि घरच्या आजारपणासाठी केलेला अर्ज मात्र ‘मार्चअखेर आहे’ या शेऱ्यानिशी परत यावा, हे विपरीत होय.

१९६९ साली १४ आणि १९८० साली आणखी ६ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि बँक खेड्यापर्यंत पोचली. २०१४ची जनधन खाती असोत की २०१६ची नोटाबंदी, सरकारच्या प्रत्येक संकल्पाचा भार अखेर खिडकीमागील माणसाने वाहिला. पुढे विलीनीकरणे झाली. २०१७च्या आरंभी २७ असलेल्या सरकारी बँका २०२०मध्ये १२ उरल्या. पाट्या बदलल्या, संगणकप्रणाली बदलल्या, आणि कोणाची बढती कोणामागे, हा वाद मागे राहिला.

लिपिकांच्या कामाचे तास व जादा कामाचा मोबदला १९६६पासूनच्या द्विपक्षीय करारांनी बांधून दिला आहे. अधिकाऱ्याला तसा मोबदला नाही. साहजिकच उरलेले सारे काम सरकत सरकत त्याच्याच टेबलावर येऊन थांबते. सकाळी उद्दिष्टे सांगणारा वरिष्ठ संध्याकाळी त्यांचा जाब विचारतो. पीककर्जासाठी आलेल्या शेतकऱ्याच्या माथी विमा मारायचा तो याच जाबाच्या धास्तीने. असा विमा घेणाराही फसतो आणि विकणाराही मनातून खचतो. २०१५च्या सप्टेंबरपासून दुसरा व चौथा शनिवार सुट्टीचा झाला खरा, पण थकबाकीच्या वसुलीला निघणाऱ्या शाखाधिकाऱ्याच्या घरी त्याची वार्ता पोचली आहे काय? मग अशा कर्मचाऱ्यांसाठी मानसिक स्वास्थ्यावर व्याख्यान ठेवले जाते, आणि तेही बहुधा कामाचे तास संपल्यावर!

रजा का नाकारली, असे विचारल्यास ठरीव उत्तर मिळते: बदली माणूस नाही. मात्र सक्तीच्या रजेसाठी तोच बदली माणूस शोधावा लागतो आणि तो सापडतो, कारण तेथे नियम आहे व न पाळल्यास वर उत्तर द्यावे लागते. तेव्हा उणीव केवळ माणसांची नाही. रिक्त जागा भराव्याच लागतील, विमाविक्रीही शाखेच्या उद्दिष्टांतून काढावी लागेल. पण पहिली सुधारणा बिनखर्चाची आहे. विभागीय अधिकाऱ्याच्या वार्षिक मूल्यमापनात ठेवी व कर्जांच्या आकड्यांशेजारी आणखी एक रकाना असावा: हाताखालच्या किती जणांनी रजा मागितली आणि किती जणांना ती मिळाली.