ख्रिस्ती शिकवण : एक ओळख (भाग ६) – हरवलेल्यांना शोधणारा देव

मागील भागात आपण पाप आणि क्षमा यांविषयी पाहिले. माणसाने आधी सुधारावे, मग देव त्याला जवळ करतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ख्रिस्ती शिकवणीत मात्र पहिले पाऊल देवाचे असते. लूककृत शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायात येशूने हेच सांगितले आहे.

समाजाने ओवाळून टाकलेल्या जकातदारांच्या आणि ‘पापी’ लोकांच्या पंक्तीला येशू बसतो, म्हणून परूशी आणि शास्त्री हे धर्मपुढारी कुरकुर करतात. तेव्हा येशू तीन दृष्टान्त देतो. शंभरातले एक मेंढरू चुकते, तेव्हा मेंढपाळ ते सापडेपर्यंत शोधतो आणि खांद्यावर घेऊन येतो. दहातले एक नाणे हरवते, तेव्हा बाई दिवा लावून घर झाडून काढते. तिसऱ्या दृष्टान्तात धाकटा मुलगा वाटणी घेऊन परदेशी जातो, सगळे उधळतो आणि डुकरे राखायची वेळ आल्यावर परत फिरतो. ‘मला गडी म्हणून ठेवा,’ असे सांगायचे त्याने ठरवलेले असते. पण बाप त्याला दुरूनच पाहतो आणि धावत जाऊन गळ्याशी धरतो. मुलाचे बोलणे पुरे होण्याआधीच झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगितले जातात.

थोरला मुलगा रुसून बाहेर उभा राहतो. बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर येतो. घर न सोडलेला हा मुलगाही बापाच्या मनापासून दूरच गेलेला असतो.

महाराष्ट्रात ही शिकवण पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात ठळकपणे दिसते. इंग्लंडमध्ये असताना, १८८३ मध्ये, त्यांनी लंडनच्या फुलम भागातील एक आश्रम पाहिला. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांची सेवा तिथल्या ख्रिस्ती भगिनी मायेने करत होत्या. हे कशाच्या बळावर, असे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने येशू आणि यहुद्यांनी परक्या मानलेल्या शोमरोनी लोकांतील एक स्त्री यांच्या भेटीची गोष्ट वाचून दाखवली. त्याच वर्षी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, हे त्यांना सुमारे ८ वर्षांनी उमगले. थोरल्या मुलासारखे आपणही घरात असून दूर होतो, हे ओळखण्याचा प्रामाणिकपणा त्यांच्यात होता.

मग त्या स्वतः शोधायला निघाल्या. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. आई, वडील आणि बहीण यांना दुष्काळात गमावलेल्या रमाबाईंना भुकेची ओळख होती. अनाथ मुली आणि निराधार विधवा यांना त्यांनी सोबत आणले. त्यांच्यासाठी दौंडजवळच्या केडगावात ‘मुक्ती’ हे आश्रयस्थान उभे राहिले. अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रियांसाठी तिथेच ‘कृपा सदन’ सुरू झाले. मुक्तीचे काम आजही चालू आहे.

म्हणून दाराशी कोणी येईल, याची वाट पाहत बसणे पुरेसे नाही. आपल्या वस्तीत, आपल्या नात्यात ज्याचे नाव घेणेही लोकांनी सोडले आहे, त्याच्याकडे या आठवड्यात आपणच जावे.

(पुढील भागात : चांगला शोमरोनी – माझा शेजारी कोण?)