मीठ, लोखंड आणि जांभा

गेल्या वैशाखांत आम्ही चौघे भाऊ मुलांबाळांसह रत्नागिरीजवळच्या आमच्या मूळ घरीं जमलों होतों. निमित्त पुतण्याच्या मुंजीचें. परंतु मुंज आटोपल्यावर माजघरांत जी बैठक भरली ती घराविषयींची होती. घर जांभ्या दगडाचें, आजोबांच्या वेळचें. पुढील पडवीवर मात्र तीस वर्षांपूर्वीं सिमेंटचा स्लॅब घातलेला. त्याचे पोपडे सुटून आंतील लोखंडी सळया उघड्या पडल्या होत्या आणि हात लावतांच त्यांचे तांबडे पापुद्रे गळत होते.

“अण्णा, आतां सगळेंच घर उतरवूं आणि नवें बांधूं,” धाकटा भाऊ म्हणाला.

“तीस वर्षांत जें गेलें त्याच्यासाठीं नव्वद वर्षें टिकलेलें पाडायचें?” अण्णांनीं विचारलें.

इतक्यांत अकरावींत शिकणारी पुतणी मध्येंच म्हणाली, “काका, जांभ्यांतही लोखंड असतें असें आम्हांला शिकवलें आहे. मग सळई गंजते आणि भिंत कां गंजत नाहीं?”

रसायनशास्त्र शिकविण्यांत माझें आयुष्य गेलेलें. तेव्हां सर्वांची दृष्टि माझ्याकडे वळली. मीं स्वयंपाकघरांतून चिमूटभर मीठ, कोकमतेलाचा गोळा आणि तांब्याची पळी मागवून घेतली. कारण या प्रश्नाचें उत्तर एका गोष्टींत आहे : पदार्थ कोणत्या मूलद्रव्यांचा झाला आहे एवढें कळून भागत नाहीं, त्यांचे परमाणु एकमेकांस कोणत्या रीतीनें बांधले गेले आहेत, हें पाहावें लागतें. १९१६ सालीं जर्मनींत कोसेल यानें व अमेरिकेंत लुईस यानें या बंधांचा उलगडा सुरू केला. परमाणूच्या बाहेरच्या बाजूस असलेले ऋण विद्युत्कण, म्हणजेच इलेक्ट्रॉन, हेच ते बंध जुळवितात.

प्रथम मीठ घेऊं. सोडियम ही पाण्यांत टाकतांच पेट घेणारी धातु आणि क्लोरीन हा विषारी वायु. या दोघांपासून आपलें रोजचें मीठ होतें. सोडियमचा परमाणु आपला एक विद्युत्कण क्लोरीनला देऊन टाकतो. देणारा धनभारित होतो, घेणारा ऋणभारित, आणि विरुद्ध भारांच्या ओढीनें ते एकमेकांस घट्ट धरून बसतात. म्हणून मीठ वितळावयास ८०१ अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. परंतु खलबत्त्यांत घाव बसला कीं थर किंचित् सरकतो, सारखे भार समोरासमोर येतात, एकमेकांस दूर लोटतात आणि खडा फुटतो. पाण्यांत मात्र हे भारित परमाणु सुटे होऊन हिंडूं लागतात. कोरडें मीठ वीज वाहून नेत नाहीं, पण मिठाचें पाणी नेतें, त्याचें कारण हेंच.

कोकमतेलाची तऱ्हा निराळी. त्यांतील कर्ब, हायड्रोजन व प्राणवायु यांचे परमाणु विद्युत्कण देऊन टाकीत नाहींत. दोघांत सामाईक ठेवतात, जशी दोन भावांतली न वाटलेली बाग. त्यामुळें एकेक रेणु आंतून बळकट असतो, परंतु एका रेणूस दुसऱ्याची ओढ बेताचीच. म्हणून सुमारें ४० अंशांवरच हा गोळा वितळतो आणि टांचांच्या भेगांस सहज चोळतां येतो. तो पाण्यांत विरघळत नाहीं व वीजही नेत नाहीं. मात्र सामाईक बंध दुबळा असें कोणीं समजूं नये. हिऱ्यांत हाच बंध एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत अखंड गेलेला असतो. म्हणून त्याच्याएवढा कठीण दुसरा नैसर्गिक पदार्थ सहसा सांपडत नाहीं.

तिसरी पळी. धातूंत प्रत्येक परमाणु आपले बाहेरचे विद्युत्कण साऱ्या समुदायाच्या गंगाजळींत टाकतो. ते मोकळे फिरतात, म्हणून वीज व उष्णता झपाट्यानें वाहते. हातोडा बसला तर थर सरकतात, पण गंगाजळी कायम असल्यामुळें फुटत नाहींत. म्हणूनच तांबट पत्र्यापासून घागर घडवूं शकतो. लोखंडाचा बंधही याच जातीचा. परंतु हे सैल विद्युत्कण प्राणवायूस हवे असतात. ओल मिळतांच लोखंड ते देऊं लागतें, आणि आपण म्हणतों गंज चढला.

आतां भिंतीकडे वळूं. कोंकणांत वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. काळ्या कातळांतील चुना, सोडा व बरीचशी वाळू लाखों वर्षांत या पावसानें वाहून नेली. मागें राहिलीं लोखंड व ॲल्युमिनियम यांचीं प्राणवायूशीं झालेलीं संयुगें. तोच जांभा. त्यांतील लोखंडानें देण्याजोगे विद्युत्कण केव्हांच देऊन टाकलेले असतात. थोडक्यांत, जांभा हा आधींच गंजून चुकलेला आहे. त्याचा तांबडा रंग गंजाचाच. खाणींतून काढलेला ताजा चिरा मऊ असतो व वाऱ्यावर वाळतां वाळतां कठीण होतो. बुकानन यानें मलबारांत हें पाहून १८०७ सालीं विटेच्या लॅटिन नांवावरून त्यास लॅटराइट म्हटलें. ब्रह्मदेशच्या थिबा राजासाठीं १९१० सालीं रत्नागिरींत उभारलेल्या राजवाड्यांतही हा दगड आहे.

मग स्लॅब कां गेला? ताजें सिमेंट क्षारधर्मी असल्यानें त्यांत सळईवर एक पातळ, रक्षक साय धरते. खारा वारा, खारें पाणी किंवा खाडीची वाळू यांतून आलेले मिठाचे क्लोरीन-परमाणु ती साय फोडतात. गंजाचें आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक होतें. तो आंतून रेटतो आणि सिमेंट तडकतें. तडा गेला कीं पाणी व मीठ आणखी आंत शिरतें.

हें ऐकून धाकटा म्हणाला, “म्हणजे वरून गिलावा केला तरी उपयोग नाहीं?” नाहींच. मिठानें भरलेला भाग काढून टाकल्यावांचून दुरुस्ती टिकत नाहीं. समुद्राकांठीं बांधकाम करावयाचें तर गोड्या पाण्यानें धुतलेली नदीची वाळू व गोड्या विहिरीचें पाणी घ्यावें, सळयांभोंवतीं सिमेंटचा थर पुरेसा जाड ठेवावा आणि केसाएवढा तडा दिसला तरी पावसाळ्यापूर्वीं बुजवावा.

अखेर असें ठरलें कीं भिंतींना हात लावूं नये. पडवीचा स्लॅब उतरवून पुन्हां लांकडी वासे व कौलें घालावीं. मृगापूर्वीं तें काम झालें. पुतणीनें सळईचा एक पापुद्रा आणि चिऱ्याची एक कपची कागदांत बांधून शाळेंत दाखवावयास नेली.